काउबॉय बीबॉपची शेवटची डीव्हीडी: काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, पुढे शेवटाबद्दल बरंच काही आहे. काउबॉय बीबॉप ही जपानी अॅनिमेशन मालिका (अॅनिमे) १९९८ सालची आहे, त्यामुळे गुपित राखण्यात फारसा अर्थ नाही. बीबॉप या अंतराळजहाजावरून बक्षिसासाठी गुन्हेगार पकडत हिंडणारे स्पाइक, जेट आणि फे, सोबत एड ही पोर आणि आईन कुत्रा, यांची ही गोष्ट. तरी ज्यांनी पाहिलीच नाही त्यांनी आधी पाहावी आणि मग इथे यावं.

अमेरिकेत बँडाई एंटरटेनमेंटने ही मालिका सहा सुट्या डीव्हीडींवर काढली होती. पहिल्या दोन्हींवर पाच-पाच भाग, उरलेल्या चारींवर चार-चार, असे एकूण सव्वीस. माझ्याकडे जुना, वापरलेला संच आहे. पण प्लेअरमध्ये सगळ्यात जास्त वेळ असते ती सहावी, भाग २३ ते २६ असलेली. म्हणून लिहितोय तिच्याबद्दलच.

डिस्क चालवण्याचं आधी उरकतो. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल हे तिच्या रीजनवर ठरतं. ही डिस्क रीजन एकची, आणि भारत येतो रीजन पाचमध्ये. त्यामुळे साधा प्लेअर 'चुकीचा रीजन' म्हणून हात वर करतो. मल्टी-रीजन प्लेअर असेल तर प्रश्न नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर लावणार असाल तर सांभाळून, कारण ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो आणि त्यानंतर जो असेल तोच कायमचा. चित्र एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानकडच्या टीव्ही पद्धतीचं आहे, हल्लीच्या टीव्हींना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते चौकटीच्या आकाराचं. मालिका जुन्या टीव्हीच्या ४:३ मापात काढलेली आहे आणि नवा टीव्ही ती आपणहून दोन्ही बाजूंना ताणतो. स्पाइक मुळात काटकुळा, ताणल्यावर पैलवान दिसायला लागतो. रिमोटवर जाऊन ४:३ करा, बाजूच्या काळ्या पट्ट्यांची सवय दहा मिनिटांत होते. मोठ्या पडद्यावर हलत्या कडांना आडव्या रेघा सुटतात, लॅपटॉपवर प्लेअरच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस (रेघा काढून टाकणारा पर्याय) चालू केलं की त्या जातात. ब्ल्यू-रे अर्थातच याहून स्वच्छ आहे, त्यात वाद नाही.

मग डीव्हीडी कशाला? २०२१ मध्ये मालिका नेटफ्लिक्सवरही आली. पण तिथे एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा सुरू करण्याची घाई असते. या मालिकेत भागाच्या शेवटचं गाणं आणि त्यानंतर कोपऱ्यात येणारी एका ओळीची पाटी हा त्या भागाचाच तुकडा आहे. डिस्क तुम्हाला तिथे बसवून ठेवते. चोविसाव्या भागाच्या पाटीत नेहमीच्या 'स्पेस काउबॉय'च्या जागी 'काउगर्ल' आहे, आणि हे कुणी सांगावं लागत नाही, कारण तेव्हा तुमचं लक्ष पडद्यावरच असतं.

आता भागांकडे. तेविसावा, 'ब्रेन स्क्रॅच', टीव्हीवरून पसरणाऱ्या पंथाबद्दल आहे. शरीर सोडा, आत्मा डिजिटल करून संगणकाच्या जाळ्यात पाठवा, असं सांगणारा एक डॉक्टर लोंडेस. जपानने १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाचा सरिन या विषारी वायूचा हल्ला पाहिला होता, अमेरिकेत १९९७ मध्ये हेवन्स गेट पंथाच्या लोकांनी सामूहिक आत्महत्या केली होती, आणि ही मालिका त्याच्या पुढच्याच वर्षी आली. भाग चॅनल बदलत राहिल्यासारखा बांधलाय: बातमी, जाहिरात, चर्चा, पुन्हा जाहिरात. शेवटी लोंडेसच्या मागे कोण निघतं ते पाहून पहिल्यांदा मी थोडा निराश झालो होतो, आता तेच मला जास्त भीतिदायक वाटतं. तरी या डिस्कवरचा सगळ्यात सुटा भाग हाच. वेळ कमी असला की मी तो वगळतो.

याच भागात एक बारीक गोष्ट घडते. बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणाऱ्यांसाठी असलेला 'बिग शॉट' नावाचा टीव्ही कार्यक्रम बंद पडतो. मालिकाभर काउबॉय टोपी घालून ओरडणारा त्याचा निवेदक नंतर साध्या कपड्यांत क्षणभर भेटतो. आता आईजवळ राहायला निघालाय म्हणे. पहिल्यांदा पाहताना हे हसण्यावारी जातं. डिस्क पुन्हा पुन्हा पाहिल्यावर लक्षात येतं की या चार भागांत सगळेच आपापलं घर शोधायला निघालेत. कुणाला ते सापडतं, कुणाला नाही.

म्हणूनच माझ्या लेखी या डिस्कचा गाभा चोविसावा भाग आहे, 'हार्ड लक वुमन'. फे व्हॅलेंटाइन चोपन्न वर्षं गोठवलेल्या अवस्थेत होती, जागी झाली तेव्हा स्मृती गेलेली. अठराव्या भागात तिला तिच्या शाळकरी वयातली बीटामॅक्स टेप (जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट) मिळते. त्यातला कारंज्याचा सिंह-मासा, म्हणजे सिंगापूरचा मरलायन, हा धागा धरून ती पृथ्वीवर येते. तिची शाळेतली मैत्रीण भेटते ती आता म्हातारी झालेली. फे मात्र तशीच तरुण. मग तिला आपलं घर आठवतं, ती टेकडी धावत चढते, आणि वर फक्त पडकी जमीन. ती काठीने मातीत पलंगाएवढा चौकोन आखते आणि त्यात आडवी होते. एक शब्द नाही. अॅनिमेशनमध्ये रडारड दाखवणं सोपं असतं, हे असं दाखवायला धाडस लागतं.

दुसरीकडे एडला बाप सापडतो. २०२२ मध्ये अंतराळप्रवासासाठीच्या 'गेट'चा अपघात झाला, त्यात चंद्र फुटला आणि तेव्हापासून पृथ्वीवर दगड कोसळतायत, अशी या मालिकेतली हकिकत आहे. एडचा बाप त्या रोज बदलणाऱ्या पृथ्वीचा नकाशा काढत हिंडतो. आपल्याला मुलगा आहे की मुलगी हेही त्याला धड आठवत नाही. भेट झाल्या झाल्या कुठेतरी नवा दगड पडतो आणि हा गडी पोरीला विसरून तिकडे पळतो. तरी एड त्याच्या मागे जाते. जहाजाच्या डेकवर मोठा हसरा चेहरा रंगवते, निरोप लिहिते आणि निघते. आईन कुत्रा थोडा घुटमळतो आणि तिच्यामागे धावतो.

मग ती अंडी. जहाजात टेबलावर सगळ्यांच्या वाटणीची उकडलेली अंडी, आणि खायला उरलेत फक्त स्पाइक आणि जेट. दोघं एकमेकांकडे न बघता भराभर तोंडात कोंबत राहतात, गेलेल्यांच्या वाट्याचीही. मागे 'कॉल मी कॉल मी' वाजतंय. पहिल्या भागात जेट मांस नसलेली मांसाची भाजी वाढतो आणि स्पाइक वैतागतो, तिथपासून या जहाजावरचं नातं जेवणातूनच सांगितलंय. माझ्या बायकोला अॅनिमेत काडीचा रस नाही. ती स्वयंपाकघरातून येता येता हा प्रसंग पाहून थबकली आणि "कोण गेलं यांचं?" एवढंच विचारलं. मालिकेला याहून चांगलं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

शेवटच्या दोन भागांबद्दल, 'द रिअल फोक ब्लूज', लोक भारावून बोलतात. मीही बोलायचो. आता माझं मत थोडं सरकलंय. स्पाइकच्या जुन्या रेड ड्रॅगन टोळीतला सत्तापालट, छतावरचा गोळीबार, उडणारी कबुतरं, सगळं देखणं आहे. पण व्हिशस हा खलनायक कागदासारखा पातळ आहे. लांब केस, तलवार, खांद्यावर पक्षी, आणि नोरिओ वाकामोतोचा तो खर्जातला आवाज. आवाज काढून घेतला तर हाती काय उरतं? स्पाइकची जुनी प्रेयसी ज्युलिया, तिचंही तेच. मालिकाभर तिच्या नावाची सावली आहे, ती स्वतः समोर येते तेव्हा तिला माणूस व्हायला वेळच दिलेला नाही. स्पाइक तिच्यासाठी सगळं का सोडतो हे आपण त्याच्या शब्दावर मानायचं.

पण टोळीयुद्धाच्या मधे दोन प्रसंग आहेत ज्यांच्यासाठी हे भाग मी पुन्हा लावतो. निघण्याआधी स्पाइक जहाजावर येतो आणि आधी खायला मागतो. जेटच्या हातचं खाता खाता नावं ठेवतो. मग एका बोक्याची गोष्ट सांगतो, पुन्हा पुन्हा मरून जन्माला येणाऱ्या, आणि गोष्ट संपल्यावर म्हणतो, मला ही गोष्ट आवडत नाही, मला मांजरंच आवडत नाहीत. दोघंही खो खो हसतात. जेटला कळलेलं असतं, तरी तो हसतो. आणि बाहेर फे पिस्तूल रोखून उभी असते. तिची स्मृती परत आली, पण परत जायला जागा उरली नाही, हे जहाज सोडून. हे ती त्याला सांगते, तो ऐकतो आणि जातो. ती वर छताच्या दिशेने गोळ्या झाडते. चोविसावा भाग नुकताच पाहिला असेल तर या प्रसंगाचा मार दुप्पट बसतो, आणि दोन्ही एकाच डिस्कवर आहेत हा योगायोग मला फार मानवतो.

भाषा कुठली निवडायची? दोन्ही डिस्कवर आहेत. स्पाइक आणि फेचे आवाज जपानीत कोइची यामादेरा आणि मेगुमी हायाशिबारा यांचे, इंग्रजीत स्टीव्ह ब्लम आणि वेंडी ली. इंग्रजी डबिंगला नाक मुरडायची आपल्याकडच्या अॅनिमे मंडळींना सवय आहे, पण इथे ती मोडावी लागते. ब्लमचा स्पाइक जास्त थकलेला वाटतो. शेवटाकडे तोच थकवा कामी येतो. जुन्या श्रेयनामावलीत त्याचं नाव डेव्हिड लुकास असं दिसेल, गोंधळू नका, माणूस तोच. इंग्रजीत ज्युलियाचा आवाज देणारी मेरी एलिझाबेथ मॅकग्लिन हीच डबिंगची दिग्दर्शिकाही. मी चोविसावा जपानीत पाहतो आणि शेवटचे दोन इंग्रजीत. त्यामागे काही तत्त्व नाही, तसं जमून गेलंय. भाचा मात्र हे ऐकून मला "मामा, हे पाप आहे" म्हणाला.

संगीताबद्दल काय लिहायचं, संगीतकार योको कान्नो आणि तिचा बँड सीटबेल्ट्स यांच्याबद्दल लोकांनी पानं भरली आहेत. फक्त एवढंच, शेवटच्या भागात नेहमीचं अखेरचं गाणं नाही. ते नेहमीचं गाणं गाणाऱ्या माइ यामानेच्याच आवाजात 'ब्लू' हे दुसरं गाणं सुरू होतं आणि कॅमेरा वर आकाशाकडे चढत जातो. नामावली सरकत असताना मागच्या ताऱ्यांवर नजर ठेवा. त्यातला एक विझतो. माणूस मेला की त्याचा तारा विझतो, असं मालिकेतला बुल नावाचा म्हातारा मानतो. टीव्हीच्या आवाजाचं सेटिंग 'सिनेमा' वगैरे असेल तर बंद करा, ट्रम्पेट फाटतो.

जपानमध्येही हा शेवट पहिल्या फेरीत लोकांना दिसला नव्हता. टीव्ही टोकियोने १९९८ च्या वसंतात निवडक बारा भाग आणि वर एक गोळाबेरीज भाग दाखवून मालिका आटोपली. सगळे सव्वीस भाग वॉवॉव या उपग्रह वाहिनीवर आले आणि शेवट लागला तो एप्रिल १९९९ मध्ये.

ब्ल्यू-रे प्लेअर असेल आणि परवडत असेल तर ब्ल्यू-रेच घ्या. जुना संच स्वस्तात मिळत असेल तर हीही डिस्क धकते, फक्त घेण्याआधी मागची बाजू उजेडात धरून ओरखडे बघा. आणि २००१ चा चित्रपट पाहायचा असेल तर तो ही डिस्क लावण्याआधी पाहा. त्याची गोष्ट बाविसाव्या आणि तेविसाव्या भागांच्या मधे घडते, आणि तेव्हा जहाजावर अजून सगळे आहेत.