चाचणी विद्यापीठाची की कंपनीची?

माणसांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा, तर ती कोणाची निवडावी? औषध कंपनी चाचणी घेते ती बहुतेक वेळा स्वतःच्या नव्या औषधाला मान्यता मिळावी म्हणून. पैसा हाताशी असतो, त्यामुळे तपासण्या भरपूर. विद्यापीठाचा प्रश्न बऱ्याचदा वेगळा असतो: आधीपासून मिळणाऱ्या स्वस्त औषधाने काम भागतं का? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० मध्ये दाखवलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पेटंट कधीच संपलेल्या औषधावर कोणती कंपनी एवढा खर्च करणार होती? मला म्हणूनच विद्यापीठाचं पारडं जड वाटतं. संमतीपत्र मात्र दोन्हीकडे शेवटच्या पानापर्यंत वाचावं. इजा झाली तर उपचारांचा खर्च कोण देणार, ही ओळ आधी शोधावी. आणि सही केल्यावरही, कारण न सांगता, केव्हाही बाहेर पडता येतं.