सात रात्री गावाला, मग मनीला कुठे ठेवायचं?

आमच्या कोकणातल्या घरचा गणपती पाच दिवसांचा. जाणं-येणं धरून सात रात्री. तिकिटं काढून झाली, मोदकाचं साहित्य कोण आणणार ते ठरलं, की सगळ्यांच्या नजरा फ्रिजवर बसलेल्या मनीकडे वळतात.

आजोळी हा प्रश्न कधी पडलाच नाही. माणसं चार दिवस नसली तरी मांजराला परसात सरडे होते, कोठीत उंदीर होते आणि शेजारची काकू दूधभात घालायची. फ्लॅटमधल्या मांजराला यातलं काहीच नाही. म्हणून पर्याय मोजावे लागतात, आणि शहरात ते मुख्यतः तीन: बोर्डिंग, म्हणजे मांजरांची कॅटरी, रोज घरी येऊन बघणारं कुणीतरी, नाहीतर ओळखीच्यांकडे नेऊन ठेवणं.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा. माझ्या मते पहिला प्रश्न रात्री किती, हा.

कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर जागेला. पोत्यात घालून दोन गावं पलीकडे सोडलेला बोका आठवड्याने चुलीपाशी हजर झाला, ही गोष्ट प्रत्येक गावात कुणी ना कुणी सांगतंच. त्यामुळे जागा बदलली की मांजराला धसका बसतो, हे गृहीतच धरायचं. तो ओसरायला किती वेळ लागतो, हे महत्त्वाचं. केसलर आणि टर्नर या अभ्यासकांनी १९९७ साली बोर्डिंगमध्ये ठेवलेल्या १४० मांजरांची दोन आठवडे पाहणी केली होती. ताण सगळ्यात जास्त उतरला तो पहिल्या चार दिवसांत. दोन आठवड्यांत साधारण दोन तृतीयांश मांजरं चांगली रुळली. ४ टक्के मांजरांसाठी मात्र बोर्डिंग योग्यच नव्हतं. त्यांचा ताण उतरलाच नाही.

आता हेच आपल्या सुट्टीला लावून बघा. तीन रात्रींसाठी बोर्डिंगमध्ये ठेवलेलं मांजर सगळ्यात वाईट दिवस काढतं आणि जरा स्थिरावायला लागलं की परत पिंजऱ्यात बसून घरी येतं. वीस दिवसांसाठी मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांचं गणित उलटं. त्यांच्या मांजराचे सुरुवातीचे चार दिवस जड जातील, पण पुढचे सोळा दिवस त्याच्याकडे दिवसभर कुणाचं तरी लक्ष असेल. रिकाम्या घरात वीस दिवस, दिवसातून एकदा अर्धा तास माणूस, हे मला पटत नाही.

बोर्डिंग बघायला जाल तेव्हा भिंतींवरची पंजांची चित्रं बघू नका, आधी वास घ्या. लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचा, थोडा वास येणारच, त्याचं काही नाही. पण काळ्या फिनाईलचा दर्प आला तर तिथूनच मागे फिरा. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि मांजर तर पुसलेल्या लादीवर चालून तेच पंजे चाटतं. जिथे रोज मांजरं सांभाळतात तिथे हे ठाऊक नसेल, तर बाकीचंही काय ठाऊक असेल?

दुसरी गोष्ट, लसींची फाईल ते मागतात का. मागितली नाही म्हणून सुटका झाली असं वाटून घेऊ नका. शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराचीही मागितलेली नाही, असा त्याचा अर्थ. डॉक्टर ज्याला ट्रायकॅट म्हणतात ती तीन आजारांवरची लस आणि रेबीजची, दोन्ही झालेल्या हव्यात, आणि शेवटचा डोस निघायच्या किमान दोन आठवडे आधीचा हवा. या तिनांतला पॅनल्युकोपेनिया हा कुत्र्यांच्या पार्व्हो या आजाराचा भाऊबंद. त्याचा विषाणू जागेत वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो आणि साबणाला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. म्हणून लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू बोर्डिंगमध्ये ठेवायचंच नाही, जागा कितीही चकाचक असली तरी.

तिसरं, लपायला जागा आहे का. नेदरलँड्समध्ये २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर एक साधा प्रयोग झाला: १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना नाही. खोकंवाली लवकर सावरली. म्हणजे एसी, टीव्ही आणि कॅमेरा यांच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं विचारा. त्याच छपराखाली कुत्री ठेवतात का, तेही विचारा. दिवसभर भुंकणं ऐकत कुठलं मांजर जेवेल?

जेवण हा विषय हसण्यावारी नेऊ नका. घरी उकडलेल्या मांदेलीवर वाढलेल्या मांजरापुढे तिथे ड्राय फूडची वाटी येते आणि ते तोंड फिरवतं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. त्यामुळे नेहमीचं खाणं आपणच बांधून द्यायचं, सोबत न धुतलेलं आपलं एखादं जुनं पांघरूण. आणि ‘किती दिवस खाल्लं नाही तर मला फोन कराल?’ हा प्रश्न थेट विचारायचा. ‘एक दिवस’ असं उत्तर देणाऱ्यांकडे ठेवावं.

दोन वर्षांपूर्वी मनी एका बोर्डिंगमध्ये पाच रात्री राहिली आणि घरी आल्यावर दोन दिवसांनी शिंकायला लागली. मी त्यांना फोनवर बरंच ऐकवलं. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मांजरांचा हर्पिस विषाणू एकदा अंगात शिरला की दबा धरून राहतो आणि ताणानंतर आठवडाभराने डोकं वर काढतो. म्हणजे ती शिंक तिथे लागलेली असेलच असं नाही, आमच्याच घरून गेलेली असू शकेल. मी परत फोन केला नाही, एवढं मात्र खरं.

घरी येऊन बघण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जागा तीच राहते. तोटाही तितकाच मोठा: दिवसातले बावीस-तेवीस तास घरात कुणी नसतं. म्हणून एक फेरी पुरत नाही, सकाळ-संध्याकाळ दोन हव्यात. येणाऱ्या माणसाने वाटी भरून निघून जायचं नाही, मांजर डोळ्यांनी बघायचं आणि लिटरमधले गोळे मोजायचे. घरात बोका असेल तर हे फारच महत्त्वाचं. ताणाने बोक्याची लघवी अडू शकते, आणि तो सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय पण ओलं काहीच नाही, असं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलं तर बोका जीवाला मुकू शकतो.

हे काम कुणाला द्यायचं? ‘कॅट सिटर’ म्हणून पैसे घेऊन काम करणारी मंडळी आता शहरात मिळतात, पण माझं मत विचाराल तर पहिला मान कामाच्या मावशींचा. मनी पाहुण्यांना बघून पलंगाखाली जाते, मावशींच्या मात्र झाडूशी खेळते. सिटर नवी असेल तर निघायच्या आधी दोनदा घरी बोलवा, आणि मांजर दारातून सटकणारं आहे का ते आधी सांगा. गॅलरीला जाळी नसेल तर गॅलरीचं दार कुलूपबंद. दिवाळीत जाणार असाल तर एक खोली खिडक्या लावून, पडदे ओढून तयार ठेवा. फटाक्यांच्या रात्री मांजर तिथेच जाईल.

आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: माणसाचं कुठलंही औषध देऊ नये. मायेपोटी ‘अंग गरम लागलं म्हणून अर्धी गोळी दिली’ असं करणारी माणसं असतात. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, ३८ ते ३९ सेल्सिअस. आणि अर्धी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते.

पैशांचं थोडक्यात. बोर्डिंगचा हिशेब दर रात्री, दर मांजराचा असतो. घरी येणारे फेरीचे पैसे घेतात. एक मांजर असेल तर फरक फार पडत नाही. दोन-तीन असतील तर घरी ठेवणं बरंच स्वस्त पडतं आणि ती एकमेकांना सोबतही होतात. सणासुदीला दोघांचेही दर चढतात, बोर्डिंग तर महिनाभर आधी भरलेलं असतं.

ओळखीच्यांकडे ठेवणं हा पर्याय लोकांना सगळ्यात सोपा वाटतो, मला सगळ्यात कच्चा वाटतो. जागा नवी, म्हणजे बोर्डिंगचा तोटा आला. माणूस नवखा, म्हणजे त्याचा फायदा गेला. शिवाय त्यांच्या खिडक्या उघड्या आणि लादी फिनाईलने पुसलेली. मांजर तिथून निसटलं तर संकोच इतका की धड रागावताही येत नाही. हां, आत्याच आपल्या घरी राहायला येणार असेल तर याहून उत्तम काही नाही. तिला शहरात डॉक्टरकडे दाखवायचंच असतं, तुमची रजा त्याच आठवड्यात टाका.

सोबत नेण्याचा विचार घाटातल्या पहिल्या तीन वळणांत बदलतो. आणि गावच्या घराला बंद होणारी दारं नसतात.

काही मांजरांना वरचं सगळं लागू नाही. इन्शुलिन किंवा रोजचं औषध चालू असेल तर रात्री कितीही असोत, दवाखान्याला जोडलेलं बोर्डिंग बघा. आणि लांबच्या प्रवासासाठी बोर्डिंग ठरवलंच असेल तर महिनाभर आधी एक-दोन रात्री ठेवून बघा. तेवढ्यात ते रुळणार नाही, पण तिथे जेवतं की नाही हे कळेल, आणि नाहीच जेवलं तर दुसरं काही शोधायला वेळ उरेल.

आमच्या सात रात्री त्या तीन रात्री आणि वीस दिवस यांच्या मध्ये पडतात, त्यामुळे घरात वाद झाला. मनी लाजरी, नऊ वर्षांची, जेवणाच्या बाबतीत हट्टी. शेवटी घरीच ठेवायचं ठरलं. सकाळी मावशी, संध्याकाळी समोरच्या इमारतीतली कॉलेजची मुलगी. काल ती येऊन गेली तेव्हा मनी पलंगाखालून निघाली नाही, पण शेपटीचं टोक बाहेर होतं. किल्लीचा तिसरा संच आज करून आणला.