सागवानाचा पलंग आणि बंगई (झोपाळा), सहा पावसाळे वापरून सांगतो

२०१९ मधे घराच्या दोन खोल्या वाढवल्या तेव्हा दोन पलंग घेतले होते. एक ऑनलाइन मागवलेला, १४ हजाराचा, आणि दुसरा तालुक्याच्या वाढईकाकांकडून सागवानाचा बनवून घेतला, त्याला पॉलिश धरून ३८ हजार लागले. बाबा तेव्हा म्हणे, काहून एवढे पैसे घालून राह्यला, झोपायचंच तर आहे.

आता हिशोब ऐका. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, रात्रभर कूलर चालू असते आणि त्याचे तुषार समोर जे असेल त्याच्यावर उडतात. तयार पलंग कूलरसमोर होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या कडेचा कागद सुटला, आतला भुसा दाबून केलेला बोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगला आणि स्क्रू फिरवला तर नुसता गोल गोल फिरे, धरेच नाही. शेवटी काढून गोठ्यात टाकला. त्या जागेवर सागवानाचा पलंग सरकवला तो आजपर्यंत तिथंच आहे, करकर नाही, हलणं नाही. खालचा ड्रॉवर भर श्रावणातही एका हातानं उघडते. आमच्या जुन्या आडजात लाकडाच्या दाराला पावसाळ्यात लाथ मारावी लागते, म्हणून ड्रॉवरचं मला जास्त कौतुक.

काकांना विचारलं तर ते म्हणे सागवानाच्या अंगातच तेल आहे. रंधा मारत होते तेव्हा ताज्या फळीवरून हात फिरवून पाह्यला, खरंच थोडं मेणचट लागते आणि वास नव्या चामड्यासारखा. लहानपणी सागाचं कोवळं पान चोळून हात लाल करायचो ते झाड हेच, पण आतून कसं असते ते पहिल्यांदा एवढ्या जवळून पाह्यलं. पाणी लवकर शिरत नाही, ऋतू बदलला तरी फुगणं-आकसणं कमी, आणि उधई (वाळवी) गाभ्याच्या, म्हणजे आतल्या गडद लाकडाच्या, वाट्याला सहसा जात नाही. मात्र लाकडात बारीक वाळूसारखा अंश असते म्हणे, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते, काका दर थोड्या वेळानं पटाशी दगडावर घासत होते.

पण एक गडबड झाली तीही सांगतो, कारण सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. दुसऱ्या पावसाळ्यात पलंगाखाली झाडताना पिठीसारखी पिवळी भुकटी दिसली. वाकून पाह्यलं तर आतल्या बाजूच्या पाटीला टाचणीएवढी भोकं. माझं तर डोकंच फिरलं, सागवानाचे पैसे घेऊन कीड? काका स्वतः आले, बॅटरी मारून पाह्यलं आणि म्हणाले, "माही चूक आहे बाबू, दोन बोटं पांढरं राहून गेलं. कीड पांढरं खाते, गाभा नाही खात." पांढरं म्हणजे सालीजवळचं फिकं लाकूड. पूर्ण पाटी बदलून दिली, एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून भुकटी नाही.

म्हणून कोणी सागवान घेत असाल तर पॉलिश व्हायच्या आधी जाऊन पाहा. गडद पॉलिश मारलं की पांढरं आणि गाभा एकसारखंच दिसते. फळीचं टोक पाहा, सोनेरी-तपकिरी भाग गाभा आणि कडेचा फिका भाग म्हणजे पांढरं. कमी वयाच्या बारीक झाडात पांढरं जास्त निघते. २०२३ मधे अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाज्यांसाठी बल्लारशाहून सागवान गेलं, आपल्याला अभिमानच आहे, पण तेव्हापासून जो तो दुकानदार आपलं लाकूड गडचिरोलीतल्या नावाजलेल्या सागाच्या जंगलाचं, "आलापल्लीचं" म्हणून विकून राह्यला. नुसत्या नावावर जाऊ नका, वनविभागाच्या डेपोच्या लाकडाची पावती आणि टीपी (लाकूड वाहतुकीचा परवाना) मागा. खरा माणूस दाखवते, काकांनी न मागता दाखवली.

त्यांच्याकडे मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे घाई नाही. फळ्या टिनाच्या सावलीत, मधे पट्ट्या लावून, महिनोन् महिने थप्पी करून सुकवतात. सांधे कुसू (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) बसवून, वरून लाकडाची मेख, खिळा फक्त जिथं भागतच नाही तिथं. याच्यामुळेच माझा पलंग ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला आणि रोज फोन करून मी त्यांना लय त्रास दिला. पोचवून देत नाहीत, ट्रॅक्टर आपलाच न्यावा लागते, आणि पलंग उचलायला चार जण पाहिजे.

पुढच्या वर्षी ओसरीतली बंगईही त्यांच्याकडूनच केली, पाच फुटाची एकच फळी, कड्या जुन्याच. पावसाची झड येते त्या बाजूनं रंग करडा पडला आहे, पण फळी वाकली नाही की तडकली नाही. दिवाळीच्या आधी जवसाचं तेल चोळतो, पुन्हा सोनेरी होते. आई दुपारी तिच्यावरच झोपते.

बहीण डिसेंबरात बाळंतपणाला येणार आहे, पाळणा सांगून आलो. काकांनी मागच्या हिवाळ्यापासून ठेवलेल्या थप्पीतली एक फळी काढून बोटानं वाजवली, कानाशी नेली आणि म्हणाले, ही सुकली.