लिखा काढायची स्टीलची फणी: दात अव्वल, मूठ कच्ची

परवा गरम पाण्याच्या पातेल्यातून फणी उचलली आणि नुसती मूठ हातात आली. दात तळाशीच राहिले. लांब दातांची, दातांवर पिळाच्या खाचा असलेली ही स्टीलची फणी बहुतेक आयांनी ऑनलाइन पाहिलेली असेल, म्हणून मापं वगैरे सांगत बसत नाही. पावसाळ्यात लेकीच्या शाळेच्या रिक्षातल्या मुलींना उवा झाल्या, तेव्हा साडेतीनशे रुपयांना मागवली होती.

दातांना पूर्ण मार्क. औषधाच्या बाटलीसोबत फुकट येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फणीचे दात जाड केसांत फाकतात आणि लिखा मधून निसटतात. हिचे फाकत नाहीत. लिख केसाला घट्ट चिकटवलेली असते, ती धुऊन जात नाही. कोंडा बोटाने सरकतो, लिख सरकत नाही, एवढी खूण लक्षात ठेवली की पुरे. कानामागे आणि मानेवर आधी बघायचं. मुळापासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असलेली लिख जिवंत असू शकते, केसावर लांब गेलेली बहुधा रिकामी असते.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, उन्हात बसून नुसत्या बोटांनी ऊ शोधतात. मोठी ऊ तिळाएवढी असते, ती त्यांच्या हातून सुटत नाही. नुकती फुटलेली पिल्लं मात्र बोटांना लागत नाहीत, ती फणीलाच येतात.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की काम औषध करतं आणि फणी फक्त मागची साफसफाई. आता मत बदललंय. डॉक्टरांनी १ टक्का परमेथ्रिनचं, म्हणजे उवा मारणाऱ्या औषधाचं, लोशन दिलं होतं. धुऊन पुसलेल्या केसांना लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं, आणि त्याआधी कंडिशनर लावायचं नाही, नाहीतर औषध नीट लागत नाही. पण ते लिखा मारत नाही. लिख साधारण आठ-नऊ दिवसांत फुटते, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायला सांगतात. तसं लावूनही आमच्याकडे फणीला चालती पिल्लं आली. पिल्लाला अंडी घालण्याइतकं वाढायला ९ ते १२ दिवस लागतात. त्याच्या आत दर दोन-तीन दिवसांनी, सलग दोन-तीन आठवडे फणी फिरवली, तर पुढची पिढी तयारच होत नाही. औषधाच्या दिवसांखेरीज ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, म्हणजे उवांना पळता येत नाही. मग बारीक बट धरून मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. फडक्यावर काय आलं ते डोळ्यांनी दिसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाशिकच्या थंडीत सकाळी पोरीचं डोकं ओलं करण्याचा प्रश्नच नाही. आम्ही रविवारी अकराच्या उन्हात गच्चीवर बसतो आणि मधल्या वारी ती शाळेतून आल्यावर दुपारी. मागून ऊन आलं की लिखा चमकतात. ट्यूबलाइटखाली निम्म्या दिसत नाहीत.

आईंनी सीताफळाच्या बियांची पूड सुचवली होती. मी हात जोडून नको म्हटलं. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि पाच वर्षांची मुलगी डोळे चोळणारच. रॉकेलही नको, तेलात कापूरही नको. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. हे त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आता मुठीबद्दल, आणि याबद्दल मला मनापासून राग आहे. लिखांची फणी वापरल्यावर गरम पाण्यात बुडवावीच लागते. अमेरिकेची सीडीसी संस्था किमान ५४ अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा असं सांगते. या फणीच्या पाकिटावरही गरम पाण्यात धुवा असंच छापलंय. मग मूठ गरम पाण्यात सुटणाऱ्या डिंकाने का चिकटवायची? आधी ती हलायला लागली. मग फटीत पाणी शिरून काळपट घाण साचायला लागली, तीसुद्धा मुलीच्या डोक्यात फिरणाऱ्या वस्तूत. आणि परवा निखळलीच. फोन केला तर, "मॅडम, स्वच्छतेचा प्रॉडक्ट आहे, परत घेता येत नाही. गरम पाण्यात ठेवली होती का?" मी म्हटलं, पाकिटावर तुम्हीच लिहिलंय. त्यावर तक्रार नोंदवली म्हणाले आणि पुढे काही नाही. साडेतीनशे रुपयांत आमच्या घरी तीन-चार दिवसांची भाजी येते.

शेवटी थोडंसं एम-सील लावून घरीच बसवली. दोनदा गरम पाण्यातून काढली, हललेली नाही. जे काम घरच्या एम-सीलने होतं ते कारखान्यात का होऊ नये?

मध्ये मेन रोडवरून एक बिनमुठीची, सबंध स्टीलची फणी नव्वद रुपयांना आणली. ती कितीही उकळा, सुटायला त्यात काही नाही. दात आखूड आणि बिनखाचेचे आहेत, त्यामुळे लेकीच्या जाड केसांत प्रत्येक बट दोनदा विंचरावी लागते आणि बोटं दुखतात. पातळ किंवा आखूड केसांच्या मुलांना तीच घ्या, अडीचशे वाचतील. लांब दाट केस असतील तर महागडीच घ्या, पण आल्या दिवशीच मूठ एम-सीलने पक्की करा.

दातांना पाच तारे, मुठीला एक, दुकानदाराच्या सेवेला शून्य.

आणि एकच डोकं साफ करून भागत नाही. ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि रिक्षात मुली एकमेकींना टेकूनच बसतात. म्हणून आता आम्ही सगळ्या आया एकाच रविवारी आपापल्या घरी फणी फिरवतो. दोघींनी नव्वदवाली घेतली. तिसरी माझी मागते. तिला मी उकळलेल्या पाण्यातून काढून, कोरडी करून देते.