कापसाच्या मुलखातली हरवलेली गाणी : ‘क्रॉसरोड ब्लूज’

एस ॲटकिन्स या अमेरिकी लेखकाची ‘क्रॉसरोड ब्लूज’ ही इंग्रजी कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली. नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती माझ्या हाती लागली आणि मे महिन्याच्या दोन दुपारी, कूलरसमोर बसून, मी ती वाचून संपवली. निव्वळ रहस्यकथा म्हणून तोलली तर ती मध्यम प्रतीची आहे. परंतु एका गानपरंपरेची आणि ती परंपरा ज्या मातीत रुजली त्या मातीची कथा म्हणून तिचे मोल फार मोठे आहे, आणि विदर्भातल्या वाचकाला ते इतरांपेक्षा लवकर उमगेल, असे मला वाटते.

निक ट्रॅव्हर्स हा पूर्वी अमेरिकन फुटबॉल खेळलेला, माउथ ऑर्गन वाजवणारा, न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठातला ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या गानपरंपरेचा, अभ्यासक. त्याच विद्यापीठातले एक प्राध्यापक, रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या नऊ अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या शोधात मिसिसिपीच्या डेल्टा भागात जातात आणि तिथेच बेपत्ता होतात. निक त्यांच्या मागावर निघतो. नऊ ध्वनिमुद्रणे ही लेखकाची कल्पना असली, तरी जॉन्सन खरा होता. १९११ साली जन्मलेल्या या गायकाने नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, अवघ्या पाच दिवसांत, २९ गाणी मुद्रित केली आणि १६ ऑगस्ट १९३८ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, ग्रीनवुडजवळ त्याचा मृत्यू झाला. दारूतून विष दिल्याची कथा आजही सांगितली जाते. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारची विद्या मिळवली, ही आख्यायिका तर त्याच्या गाण्यांइतकीच प्रसिद्ध आहे. मृत्यूचा दाखला संशोधकांच्या हाती लागायला १९६८ साल उजाडले, आणि त्यावरही कारणाच्या जागी ‘डॉक्टर नव्हता’ एवढीच नोंद होती.

ॲटकिन्स सैतानाच्या कथेत फारसे गुंतत नाहीत, ही मला त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. गाणे एकाचे आणि कमाई दुसऱ्याची, हा या कादंबरीतला खरा गुन्हा आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाच्या हातावर थोडी रक्कम ठेवली जाई आणि पुढच्या मिळकतीशी त्याचा संबंध उरत नसे. जॉन्सनची समग्र गाणी १९९० साली पुन्हा बाजारात आली आणि प्रचंड खपली. त्या मिळकतीचा वारस कोण, हा वाद न्यायालयात गेला आणि खडीचे ट्रक चालवणाऱ्या त्याच्या मुलाचा हक्क मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केला. हे ठाऊक असले की हरवलेल्या तबकड्यांसाठी चाललेले खून अतिशयोक्त वाटत नाहीत.

डेल्टा हा नदीच्या गाळाचा, सपाट, कापसाचा प्रदेश. मालकाची जमीन, मालकाचेच बियाणे, त्याच्याच दुकानातली उधारी आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात पुन्हा कर्जच, ही तिथली बटई होती आणि ब्लूज त्याच शेतांमधून उठला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ साली इथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी उभी राहिली. या दोन मुलखांचे नाते इतके जुने आहे. वेचणी, उधारी आणि सावकार यांचे उल्लेख आले की मला तळटिपांची गरज पडली नाही.

संगीताविषयी थोडे सांगायला हवे. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर येते. ते येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो, आणि एकच प्रश्न दारोदार विचारत फिरणाऱ्या निकच्या शोधालाही तीच लय आहे. काचेची नळी बोटात घालून तारेवरून सरकवताना निघणारा, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला स्वर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे, ऐकलेल्या कानाला परका वाटणार नाही.

खलपात्रे मात्र निराश करतात. स्वतःला गायक एल्विस प्रेस्लीचा अवतार समजणारा मारेकरी पहिल्या भेटीत लक्ष वेधतो, पण पुढे त्याच्या विक्षिप्तपणाखाली भीती दबून जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला वेगाची तक्रार राहणार नाही. मात्र नॉयर, म्हणजे काळोख्या वळणाच्या गुन्हेगारी, कथेत गुन्हेगाराच्या मनातला अंधारही दिसावा लागतो आणि इथे तो पुरेसा दिसत नाही. शेवटही घाईचा वाटला.

वाचायला घेण्यापूर्वी जॉन्सनची दोन-तीन गाणी रात्री, शांतपणे ऐकावीत. जुन्या तबकडीची खरखर आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. या कादंबरीचा मराठी अनुवाद कोणी करणार असेल, तर डेल्टातल्या म्हाताऱ्या गायकांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नये, त्यांना वऱ्हाडीत बोलू द्यावे, एवढी माझी विनंती आहे.