स्पिंडलला ७५० वॉटची सर्वो : आठ महिने वापरल्यावर

आमच्या बेंचटॉप मिलची (टेबलावर बसणारं धातू कापायचं मशीन, त्यात कटर फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल) मूळची ब्रशवाली डीसी मोटर जळली तेव्हा स्पीडचं बोर्डही सोबत घेऊन गेली. ब्रश त्याआधी दोनदा बदलले होते. मिल मी सीएनसी (कॉम्प्युटरवरून चालणारी) करून घेतलेली, म्हणजे एकेक जॉब दोन-तीन तास सलग चालणार. तसलीच मोटर परत बसवण्यात अर्थ नव्हता.

आधी चूक केली ती सांगतो. वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे, तिथे सगळ्यांचा एकच सल्ला : एक एचपीची थ्री-फेज इंडक्शन घे आणि व्हीएफडी लाव. घेतली. व्हीएफडी म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा. गाळ्यात सिंगल फेज, त्यामुळे व्हीएफडीतून बाहेर येणार २३० व्होल्ट थ्री-फेज. मोटरच्या प्लेटवर मात्र ४१५ व्होल्ट, स्टार (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली). सहा वायरी बाहेर असत्या तर पट्ट्या बदलून डेल्टा झाली असती, म्हणजे २३०वर चालली असती. झाकण उघडलं तर तीनच वायरी, स्टार पॉइंट आत वाइंडिंगमध्ये बांधलेला. वाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी दोरा कापला, वार्निश खरवडून तो सांधा शोधला, तीन नव्या वायरी स्लीव्ह घालून बाहेर काढल्या. अर्धा दिवस गेला. एवढं करून मोटर चढवली, तर दहा किलोच्या वरचं ते धूड हेडवर बसल्यावर झेडचा स्टेपर (हेड वरखाली करणारी मोटर) वर जाताना स्टेप चुकवायला लागला. १० हर्ट्झवर तासभर चालवली की हात ठेववत नसे, कारण तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर. मोटर हळू तर पंखाही हळू.

दोन महिन्यांनी ती उतरवली आणि ७५० वॉटची एसी सर्वो (किती फिरली ते स्वतः मोजणारी मोटर, सोबत ड्राइव्ह म्हणजे तिला चालवणारा डबा) बसवली. इंडक्शन आणि व्हीएफडी मिळून जेवढे गेले, त्याच्या जवळपास दुप्पट पैसे लागले. वजन तीन किलोच्या आसपास. शेजारच्या गाळ्यातले मामा बघून म्हणाले, “एवढीशी? हिला तर पंखापण नाय!” पुल्या आणि पट्टे मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून आणले. १९ मिलिमीटर बोअरची पुली तयार मिळाली नाही, ती बोअर करून की-वे (चावीची खाच) मारून घ्यावी लागली. बाकी बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. मोटर घेताना खोक्यावरचे वॉट बघू नका, टॉर्क (पिळायचा जोर) बघा. ह्या सर्वोचा रेटेड, म्हणजे सलग देता येणारा, टॉर्क २.३९ न्यूटन-मीटर, ३००० आरपीएमपर्यंत. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५५० केलं की किलोवॉट निघतात. ३०००ला ७५० वॉट बरोबर येतात, पण ३२०ला तीच मोटर सलग जेमतेम ८० वॉट देते. १४४०ची एक एचपी इंडक्शन साधारण ५ न्यूटन-मीटरची, म्हणजे त्याच स्पीडला दुपटीहून जास्त. सर्वो काही सेकंद तिप्पट टॉर्क देते हे खरं. त्या भरवशावर फेस कटर (रुंद पृष्ठभाग सपाट करणारा) चालत नाही.

आणि स्पिंडलला दोन्ही टोकं लागतात. ६ मिलिमीटरच्या एन्डमिलने (दांडीसारखा कटर) अॅल्युमिनियम १०० मीटर प्रति मिनिटाने कापायचं तर ५३०० आरपीएम हवेत. ५० मिलिमीटरच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरने माइल्ड स्टील २५ मीटरने कापायचं तर १६०. एका पुलीवर हे दोन्ही जमत नाही. मी दोन जोड्या ठेवल्यात : एकीवर स्पिंडल ४५००पर्यंत जातो, दुसरीवर १५००पर्यंत आणि टॉर्क मोटरच्या दुप्पट. माझं ऐंशी टक्के काम अॅल्युमिनियमचं, म्हणून हे परवडतं. रोज स्टीलचे ठोकळे खरवडणाऱ्याने ही मोटर घेऊ नये.

सर्वोचे पैसे कुठे वसूल झाले असतील तर टॅपिंगमध्ये, म्हणजे भोकात आटे पाडण्यात. ड्राइव्हमधून एन्कोडरचे (मोटरचे फेरे मोजणारा सेन्सर) सिग्नल बाहेर घेतले, लिनक्ससीएनसीला (मिल चालवणारं सॉफ्टवेअर) दिले, आणि जी ३३.१ या टॅपिंगच्या कमांडने एम ४, एम ६चे टॅप साध्या कोलेटमध्ये धरून मारतो. पहिल्या दिवशी स्टॉपच्या बटणावर अंगठा ठेवूनच उभा होतो. आता टॅप चालू असताना मागे वळून चहा ओततो. एकच टॅप तुटला, तोही माझ्यामुळे. पट्टा खालच्या (१५००च्या) पुलीवर टाकला आणि फाइलमधला एन्कोडरचा स्केल (स्पिंडलच्या एका फेऱ्याला किती सिग्नल) वरच्या (४५००च्या) पुलीचाच राहिला. दोन जोड्यांमध्ये तिपटीचा फरक, त्यामुळे एका फेऱ्याला ०.७ ऐवजी २.१ मिलिमीटर खाली उतरायचा हुकूम गेला. कट्‌ असा बारीक आवाज, बस्स. टॅप भोकातच राहिला. तेव्हापासून पुलीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय : “स्केल बदललास का?”

तक्रारी आहेत. टायमिंग बेल्ट (दातांचा पट्टा) ४५००ला किंचाळतो. बिनदाती पॉली-व्ही पट्टा शांत चालला असता, पण एन्कोडर मोटरवर असल्याने पट्टा जरा घसरला तरी टॅपचं गणित बिघडणार, म्हणून कानात बोळे घालतो. मोठा कटर लावून झटकन थांबवलं की ड्राइव्ह ओव्हर-व्होल्टेजचा अलार्म देत असे. फिरत्या कटरची ताकद उलटी ड्राइव्हमध्ये येते. थांबायचा वेळ ०.३ सेकंदावरून १ सेकंद केल्यावर बंद झाला, नाहीतर ती ताकद जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावावा लागला असता. पाचव्या महिन्यात एन्कोडरची केबल प्लगच्या तोंडाशी तुटली. हेड दिवसभर वरखाली होतं आणि मी ती केबल-टायने करकचून बांधलेली. आता ड्रॅग चेनमध्ये (केबल सांभाळणारी साखळी) घातली आहे, वळणाला मोकळी.

इंडक्शन मोटर बेंचखाली पडून आहे. मामांनी ती बफिंगला मागितली आहे. व्हीएफडीसकट देईन बहुतेक, पण डेल्टा करायचे मिस्त्रींना दिलेले पैसे वेगळे घेणार.