रॅप्टर की गेटकीपर: सीडर पॉइंटवर आधी कुठली रांग धरायची?

अमेरिकेत ओहायोतल्या सँडस्कीला, लेक इरीच्या पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या पट्टीवर सीडर पॉइंट हे मनोरंजन उद्यान आहे. रॅप्टर आणि गेटकीपर हे त्याचे दोन रोलर कोस्टर प्रवेशद्वाराच्या बाजूलाच असल्यामुळे आत शिरल्या शिरल्या हा प्रश्न पडतो. दोन्ही पोलादी, दोन्ही बोलिजर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचे, आणि दोन्हींत सहा-सहा कोलांट्या. कागदावर गेटकीपर सरस दिसतो: उंची 170 फूट, वेग ताशी 67 मैल. रॅप्टरची उंची 137 फूट आणि वेग 57 मैल. पण हे आकडे निवडीला फारसे कामाचे नाहीत. तुम्ही बसता कसे, खरा फरक तिथे आहे.

रॅप्टर 1994 चा. रूळ डोक्यावर, गाडी त्याला खालून लटकलेली, एका ओळीत चौघं आणि पाय मोकळे. या जातीचा पहिला कोस्टर 1992 मध्ये शिकागोजवळ सुरू झाला; दोनच वर्षांनी आलेला रॅप्टर तेव्हा या जातीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान होता. फलाट संपतो, पायांखाली काहीच उरत नाही, आणि साखळी वर खेचायला लागते. त्यानंतर मात्र उसंत नाही. लूपच्या, म्हणजे उभ्या गोल वेढ्याच्या, तळाशी पाय शिशाचे झाल्यासारखे जड होतात, आणि माथ्यावर पोचलात की रूळ खाली, तळवे आभाळाकडे. पुढे नागाच्या फण्यासारखा वळलेला कोब्रा रोल लागतो. त्यात लागोपाठ दोनदा उलटं व्हायचं आणि जिथून आलो त्याच दिशेला परत फिरायचं. पहिल्या खेपेला वर कुठे आणि खाली कुठे याचा हिशेब इथे हमखास चुकतो. खांद्यावरून येणारा हार्नेस कडक असतो, म्हणून डोकं मागे टेकवून ठेवा. मान वळवून शेजाऱ्याचं तोंड बघायचा मोह नंतरसाठी राखून ठेवा.

2013 चा गेटकीपर दांडगाई करत नाही, तो लटकवून ठेवतो. रुळाच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशा जागा पंखांसारख्या बाहेर काढलेल्या आहेत. तुमच्या वरही रूळ नाही आणि खालीही नाही. माथ्यावर पोचल्यावर गाडी आधी कुशीवर वळत सावकाश पूर्ण उलटी होते आणि मगच 164 फूट खाली झेपावते. तो उलटं होण्याचा क्षण पडण्यापेक्षा जास्त घाबरवतो, कारण विचार करायला वेळ मिळतो. प्रवेशद्वारावरच्या दोन मनोऱ्यांना आरपार भोकं ठेवली आहेत. गाडी गिरकी घेत त्यांतून जाते. पुरेशी जागा आहे हे ठाऊक असूनही कडेला बसलेला माणूस हात आखडून घेतोच. इथे हार्नेसच्या जागी आसनाला जोडलेलं जाकीट मऊ, त्यामुळे खांदे मोकळे वाटतात.

आता जागेचं. रॅप्टरवर मधल्या ओळीत बसलात तर समोर पुढच्यांच्या आसनांच्या पाठीच दिसतात. पुढच्या ओळीची रांग वेगळी आणि लांब असली तरी एकदा तरी ती धराच. रूळ वर असल्यामुळे तिथे डोळ्यांसमोर अडथळा म्हणून काही नसतं. गेटकीपरला ओळ तितकी महत्त्वाची नाही. कडेची खुर्ची मिळाली की झालं. डावी-उजवी बाजू मात्र दोन वेगळ्या फेऱ्या समजा: गाडी कलंडते तेव्हा एका बाजूची माणसं वर उचलली जातात आणि दुसऱ्या बाजूची खाली फेकली जातात.

बरोबर मुलं असतील तर निवड बहुधा उंचीच करून टाकेल. रॅप्टरला 54 इंच लागतात, गेटकीपरला 52. मधल्या दोन इंचांत अडकलेल्या मुलासमोर रॅप्टरचं कौतुक न केलेलं बरं. पायात सैल चप्पल असेल तर रॅप्टरआधी बदला.

पहिल्यांदाच उलटं होणार असाल तर गेटकीपर घ्या. उंच आहे, पण वळणं मोठी आणि सैल आहेत, शरीराला सावरायला वेळ मिळतो. याआधी चार-दोन कोस्टर पचवले असतील तर सरळ रॅप्टरकडे जा, आणि जेवणाच्या आधी जा. एकच निवडायचा झाला तर माझं मत रॅप्टरला: उंचीने 33 फूट कमी असूनही उतरल्यावर पाय त्याचेच जास्त लटपटतात.